आसन सोडण्याची किंमत कोणी ठरवायची?

नवी पेठ (सोलापूर) : होटगी रस्त्यावरील विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्याची आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाली. मुंबई म्हणजे सिद्धेश्वर एक्स्प्रेस, हे नवी पेठेतील व्यापाऱ्यांचे जुने समीकरण त्यामुळे बदलू लागले आहे. दूरच्या प्रवासासाठी पुणे वा हैदराबाद गाठणारेही अनेक आहेत. या नव्या प्रवाशाला विमान कंपन्यांच्या एका जुन्या प्रथेची मात्र पुरेशी ओळख नाही. ती प्रथा म्हणजे क्षमतेपेक्षा जादा आरक्षण.

रेल्वेचे एक बरे असते. तिकीट आरएसी असेल, तर अर्ध्या बाकावर बसावे लागेल हे आधीच कळते. विमानाचे तिकीट मात्र ‘कन्फर्म’ असूनही काउंटरवर जागा नाही असे ऐकावे लागू शकते. काही प्रवासी ऐनवेळी येत नाहीत, या हिशेबाने कंपन्या आसनांपेक्षा अधिक तिकिटे विकतात. हिशेब चुकला की काउंटरवरून विचारणा होते, ‘स्वेच्छेने कोणी आसन सोडेल काय?’

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१० च्या नियमानुसार ही विचारणा आधी करणे कंपनीवर बंधनकारक आहे. खरी मेख पुढे आहे. स्वेच्छेने थांबणाऱ्याला काय द्यायचे, हे नियमाने सर्वस्वी कंपनीच्या मर्जीवर सोडले आहे. याउलट कन्फर्म तिकीट घेऊन वेळेत पोहोचलेल्या प्रवाशाला त्याच्या इच्छेविरुद्ध थांबवले, तर भरपाईचे दर ठरलेले आहेत. एका तासाच्या आत सुटणारे दुसरे विमान दिल्यास काहीही मिळत नाही. २४ तासांच्या आत दिल्यास एकेरी मूळ भाडे आणि इंधन शुल्क यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये मिळतात. त्याहून उशीर झाल्यास चौपट, कमाल २०,००० रुपये. पर्यायी विमान नाकारले तर तिकिटाचे पूर्ण पैसे आणि शिवाय ही चौपट भरपाई. हे दर २०१६ मध्ये वाढवण्यात आले. पूर्वी कमाल रक्कम अवघी ४,००० रुपये होती.

म्हणजे भाडे व इंधन शुल्क मिळून ३,००० रुपये असतील आणि दुसरे विमान संध्याकाळचे असेल, तर सक्तीने थांबवलेल्याला ६,००० रुपये मिळतात. सौजन्यापोटी ‘हो’ म्हणणाऱ्याची मात्र एखाद्या कूपनवर बोळवण होऊ शकते. सौजन्याला असा तोटा सोसावा लागणे हा नियमातील दोष आहे, असेच म्हणावे लागेल. निदान सक्तीच्या भरपाईइतकी किमान रक्कम स्वेच्छेने थांबणाऱ्यालाही मिळावयास हवी.

अमेरिकेत ज्युलियन सायमन या अर्थतज्ज्ञाने १९६८ मध्येच लिलावाची कल्पना मांडली होती. जो सर्वांत कमी रकमेत थांबायला राजी होईल, त्याला थांबवावे. १९७८ च्या सुमारास तेथे ही पद्धत रूढ झाली. ९ एप्रिल २०१७ रोजी युनायटेड एअरलाइन्सने शिकागोत आपल्या चार कर्मचाऱ्यांसाठी जागा मागितली. ८०० डॉलरपर्यंत बोली नेऊन ती थांबवली आणि डॉ. डेव्हिड डाओ यांना विमानातून फरफटत बाहेर काढण्यात आले. जगभर नाचक्की झाल्यावर कंपनीने हीच मर्यादा १०,००० डॉलरवर नेली. भारतात सक्तीची भरपाईसुद्धा नेहमी मिळतेच असे नाही. जून २०२२ मध्ये याच कारणावरून महासंचालनालयाने एअर इंडियाला १० लाख रुपयांचा दंड ठोठावला होता.

सोलापूरकराने ‘हो’ म्हणण्यापूर्वी आणखी एक हिशेब करावा. पुण्याला चार तास उशिरा उतरल्यास पुढची रेल्वे चुकते. मग मुक्काम तरी करावा लागतो, नाहीतर अडीचशे किलोमीटरसाठी टॅक्सी. त्यामुळे रोख किती, पुढचे विमान कोणते व त्यात जागा पक्की आहे का, जेवण व मुक्काम कोणाकडे, हे काउंटरवरच लेखी घ्यावे. भरपाई नाकारली गेल्यास ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार करता येते. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागण्याची मुभा दिली आहे. त्यासाठी मुंबई वा दिल्लीची वारी करावी लागत नाही. सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार दाखल करता येते.