न सुधारणाऱ्या माणसांचे घर

जपानमध्ये रविवारी संध्याकाळी सहा वाजता फुजी टीव्हीवर ‘चिबी मारुको-चान’ लागते आणि साडेसहाला ‘साझाए-सान’. दोन्ही ॲनिमे मालिका, दोन्ही एकेका घराच्या. कुणाचा गृहपाठ राहतो, कुणाचे पाकीट घरी विसरते, आजोबा नातीच्या हट्टापायी खिसा रिकामा करतात आणि रात्री सगळे पुन्हा एका टेबलाभोवती जेवायला बसतात. याहून मोठे काही सहसा घडत नाही. तरीही सप्टेंबर 1979 मध्ये टोकियो आणि आसपासच्या भागात ‘साझाए-सान’च्या एका भागाला 39.4 टक्के आणि ऑक्टोबर 1990 मध्ये ‘मारुको-चान’च्या एका भागाला 39.9 टक्के घरांचा प्रेक्षकवर्ग लाभला. या लोकप्रियतेचे श्रेय स्मरणरंजनाला आणि हलक्याफुलक्या करमणुकीला देऊन समीक्षक बहुधा पुढच्या, ‘गंभीर’ कलाकृतीकडे वळतात. हा या प्रकारावर अन्याय आहे. कुटुंबातला सर्वांत अवघड प्रश्न या मालिकांनी हाती घेतला आहे: आपल्या माणसांचे स्वभाव बदलणार नसतील, तर त्यांच्यासोबत रोज राहायचे कसे?

कौटुंबिक नाट्य एरवी बदलावर उभे असते. हट्टी बापाला शेवटी उपरती होते, सासूला सुनेची किंमत कळते, वाट चुकलेला मुलगा परत येतो. नाहीतर घर फुटते. वास्तवातली बहुसंख्य घरे सुधारतही नाहीत आणि फुटतही नाहीत. या घरांची गोष्ट सांगायला जो साचा लागतो, तो जपानला वर्तमानपत्राने दिला. माचिको हासेगावा यांनी 1946 मध्ये फुकुओकातल्या एका सायंदैनिकात ‘साझाए-सान’ ही चार चौकटींची चित्रपट्टी सुरू केली. पुढे ती ‘आसाही शिंबुन’मध्ये आली आणि 1974 पर्यंत चालली. चार चौकटींत माणूस सुधारायला जागाच नसते. एक चूक, तिचा पेच, तिची फजिती आणि दुसऱ्या दिवशी तेच घर पुन्हा वाचकाच्या दारात. 5 ऑक्टोबर 1969 ला या पट्टीचे ॲनिमे झाले. सर्वाधिक काळ चाललेली ॲनिमेटेड दूरचित्रवाणी मालिका म्हणून ‘गिनीज’मध्ये तिची नोंद आहे. त्यातली साझाए उतावळी ती उतावळीच राहिली, धाकटा भाऊ कात्सुओ अभ्यास टाळतच राहिला आणि वडील नामिहेई त्याच्यावर ओरडतच राहिले. साझाएचा नवरा मासुओ सासुरवाडीत राहतो, स्वतःचे आडनाव राखून. आपल्याकडे ‘घरजावई’ म्हटले की टोमणा आलाच. इथे त्याची आणि सासऱ्याची छान गट्टी आहे. एका घरात दोन आडनावे आणि तीन पिढ्या कशा नांदतात, याचा एवढा दीर्घ आणि एवढा शांत अभ्यास दुसऱ्या कुठल्या माध्यमाने क्वचितच केला असेल.

पण सौम्य विनोद म्हणजे दोषांकडे डोळेझाक, असा समज असेल तर मोमोको साकुरा यांची मारुको पाहावी. 1986 मध्ये ‘रिबोन’ या मुलींच्या मासिकात सुरू झालेली ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 1990 मध्ये पडद्यावर आली. सत्तरच्या दशकातले शिमिझू हे बंदराचे गाव, तिसरीतली मारुको, तिची थोरली बहीण, आईवडील आणि आजीआजोबा. मारुको आळशी आहे, थोडी लबाड आहे, बहिणीवर जळते, सुट्टीचा गृहपाठ अखेरच्या दिवसापर्यंत ढकलते आणि मग सगळ्या घराला वेठीला धरते. तिच्या वर्गात भित्री मुले आहेत, कुचकी मुले आहेत, घर जळालेला मुलगाही आहे. लेखिका यातले काही लपवत नाही. तिने फक्त एक निवेदक दिला आहे. मारुको स्वतःची समजूत घालू लागली, की तो मोठ्या माणसाच्या आवाजात तिची चोरी पकडतो आणि तेवढ्यावरच थांबतो. शिक्षा देत नाही, तात्पर्य सांगत नाही. प्रेक्षकाला एकाच वेळी दोन जागा मिळतात: चूक करणाऱ्या मुलीची आणि ती चूक पुरती ओळखून असणाऱ्या प्रौढाची. ओळखूनही न रागावणे ही या विनोदामागची खरी कारागिरी आहे. पाणउताऱ्यावर उभा राहिलेला विनोद त्याहून कितीतरी सोपा असतो.

ही वृत्ती किती विचारपूर्वक घडवता येते, हे इसाओ ताकाहाता यांनी 1999 च्या ‘माय नेबर्स द यामादाज’ या स्टुडिओ जिब्लीच्या चित्रपटात दाखवले. तोही हिसाइची इशिई यांच्या ‘आसाही’तल्या चित्रपट्टीवरच बेतलेला. जलरंगाचे हलके हात आणि भोवती भरपूर कोरी जागा, अशी त्याची चित्रे आहेत. हे कुटुंब दुकानात धाकट्या लेकीला विसरून गाडीतून निघून येते. नवराबायको टीव्हीच्या चॅनेलवरून झुंजतात. एका प्रसंगात रात्री गल्लीत मोटारसायकलवरच्या टवाळांचा धिंगाणा चालू असतो आणि घरातला कर्ता पुरुष ताकाशी त्यांना समजावायला बाहेर पडतो. त्या क्षणी चित्रशैली पालटते. गोलमटोल माणसे एकाएकी खऱ्या प्रमाणातली, खऱ्या सावल्यांची होतात. ताकाशीची भीती खरी वाटते, कारण आता तो कार्टून उरलेला नसतो. त्याला काही जमत नाही. प्रसंग निभावून नेते ती म्हातारी सासू. मग तो एकटाच झोपाळ्यावर बसून आपण मुखवटाधारी वीर असतो तर, असे स्वप्न रंगवतो. बाहेरचे जग किती कठोर आहे याची दिग्दर्शकाला पूर्ण जाणीव आहे आणि ती असतानाच तो सौम्य रेषेकडे परततो. त्या परतण्याला म्हणून वजन आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की ही घरे खोटी आहेत. त्याला पुरावाही आहे आणि तो खुद्द साकुरा यांनीच दिला आहे. मारुकोचे लाडके आजोबा तोमोझो म्हणजे नातीसाठी जीव टाकणारे, विसराळू, भाबडे. प्रत्यक्षातले आपले आजोबा असे अजिबात नव्हते. ते तुसडे होते आणि त्यांच्याबद्दल घरात फारशी माया नव्हती, असे साकुरा यांनी आपल्या निबंधात मोकळेपणाने लिहिले आहे. म्हणजे तोमोझो ही लेखिकेने स्वतःसाठी घडवलेली व्यक्ती. यातून खोटेपणा सिद्ध होतो, असे मला वाटत नाही. साकुरा यांनी घडलेले निबंधात नोंदवले आणि जे हवे होते ते मांगात रेखाटले. दोन्ही वाचकांसमोर ठेवले. शिवाय हवे तसे आजोबा घडवतानाही त्यांनी आदर्श पुरुष रंगवला नाही. तोमोझो दुबळे आहेत, त्यांना नातीला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्यांच्या मदतीने काम अनेकदा बिघडतेच. कल्पनेतसुद्धा लेखिकेने मागितला तो दोष असलेला, पण माया करणारा माणूस. माणसाची ही मागणी किती माफक आहे आणि तरी किती घरांत ती अपूर्ण राहते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या चित्रणात फसवणूक दिसणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कुणी बदलायचे नाही, म्हणजे आईने आयुष्यभर स्वयंपाकघरातच राहायचे का? साझाएची आई फुने वर्षानुवर्षे ॲप्रन बांधून उभी आहे आणि मालिका त्यावर प्रश्न विचारत नाही. हा आक्षेप मान्य करायला हवा आणि त्यातून एक कसोटीही घ्यायला हवी. स्वभाव सोसता येतो, अन्याय सोसायचा नसतो. ज्या घरात प्रत्येकाच्या दोषाचा भार सगळ्यांवर आळीपाळीने पडतो, तिथला विनोद सौम्य राहतो. जिथे तो कायम एकाच माणसावर पडतो, तिथे सौम्यपणाच्या नावाखाली शोषण झाकले जाते. या कसोटीवर ‘साझाए-सान’चे ॲनिमे कमी पडते. मूळ पट्टी मात्र तशी गोठलेली नव्हती. युद्धोत्तर टंचाई, रेशन, काळाबाजार हे सगळे तिच्यात होते आणि ती काढणाऱ्या हासेगावा अविवाहित राहून बहिणीसोबत स्वतःची प्रकाशनसंस्था चालवत होत्या. काळाशी नाते तुटले ते पडद्यावर आल्यानंतर. हा त्या मालिकेचा दोष आहे, या प्रकाराचा नव्हे. युमी उनिता यांच्या मांगावरचे 2011 चे ‘उसागी ड्रॉप’ पाहा. तिशीतला अविवाहित दाइकिची आपल्या दिवंगत आजोबांची अनौरस मुलगी, सहा वर्षांची रिन, हिला घरी आणतो. मग पाळणाघर शोधणे, ताप, अंथरूण ओले होणे. शेवटी ओव्हरटाइम नको म्हणून तो कचेरीत विभाग बदलून घेतो. इथेही खलनायक नाही आणि आरडाओरडाही नाही. पण मूल वाढवण्याची किंमत कोण मोजते, याचा हिशेब प्रत्येक भागात उघड मांडलेला आहे.

तिसरा आक्षेप आपल्या घरातला आहे. 2006 पासून हिंदीतून आलेला शिन-चॅन महाराष्ट्रातल्या मुलांनी डोक्यावर घेतला आणि ‘मुले उलट बोलायला शिकतात’ अशी पालकांची तक्रार सुरू झाली. 2008 मध्ये अशाच तक्रारींवरून भारतात ती मालिका काही काळ थांबवलीही गेली. योशितो उसुई यांची मूळ मांगा 1990 मध्ये प्रौढांच्या साप्ताहिकात सुरू झाली होती, हे लक्षात घेतले तर पालकांची अस्वस्थता अनाठायी म्हणता येत नाही. त्यातले काही विनोद लहानांसाठी नाहीतच. पण तिच्या केंद्रात आहे ते कासुकाबे या उपनगरातले नोहारा कुटुंब. वडील हिरोशी 35 वर्षांचे, घराचे 32 वर्षांचे कर्ज डोक्यावर, कचेरीतून थकून येणारे. आई मिसाए काटकसरीचे आणि डाएटचे संकल्प करून मोडणारी. ती शिन-चॅनवर ओरडते, त्याच्यामागे सायकल दामटते आणि त्याचा हात सोडत नाही. ‘हे बघू नको’ म्हणून टीव्ही बंद करण्यापेक्षा मुलाशेजारी बसून हे घर पाहिले, तर आईबापही चुकतात, थकतात आणि तरी आपल्यासाठी असतात, हे बोलण्याचे निमित्त मिळते. मुलाला ते कळणे हाही संस्कारच आहे.

2020 च्या जनगणनेनुसार जपानमधली सुमारे 38 टक्के कुटुंबे एकट्या माणसाची आहेत. म्हणून या मालिका म्हणजे नाहीशा झालेल्या घराचा सांत्वनपर देखावा, असे कुणी म्हणेल. सांत्वन त्यात आहेच. पण जो आज एकटा राहतो, त्यालाही कचेरीत, शेजारात, मैत्रीत न बदलणारी माणसे भेटतातच आणि त्यांच्याशी निभावण्याची कला त्यालाही लागते. मराठीला ती परकी नाही. चिं. वि. जोशींचा चिमणराव घरभर गोंधळ घालत कधीच न सुधारता लाडका झाला आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दिलीप प्रभावळकरांनी त्याला दूरदर्शनवरही तितकेच प्रेम मिळवून दिले. आज आपल्या दैनंदिन मालिकांतले घर मात्र कटकारस्थाने, विषप्रयोग आणि वारसाहक्काच्या लढाईने भरले आहे. प्रेक्षकाला हेच हवे, हा त्यावरचा ठरीव युक्तिवाद जपानच्या अर्धशतकाहून जुन्या अनुभवापुढे टिकत नाही. गृहपाठ राहिलेल्या मुलीची गोष्ट चाळीस टक्के घरे पाहू शकतात, जर ती लिहिणाऱ्याने माणसांकडे तितक्या बारकाईने आणि तितक्या मायेने पाहिले असेल. मराठीत असे लिहू शकणारे लेखक आहेत. त्यांना रोजच्या घरावर, संकटाचा आधार न घेता लिहू देण्याचे धाडस आता वाहिन्यांनी आणि निर्मात्यांनी करायला हवे.