आरोपीला जे मिळतं, ते तिला का नाही?

फुटाळ्यावर दहा मिनिटं जास्त थांबलं की फोन वाजतो, "काऊन थांबली तिथं? कोण हाये सोबत?" विचारणारा धर्मपेठेतल्या खोलीत बसून नकाशावरचा ठिपका बघत असतो. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जोड्या याला काळजी म्हणतात. मी पाळत म्हणते.

अमली पदार्थांच्या खटल्यातल्या एका नायजेरियन आरोपीला जामीन देताना दिल्ली उच्च न्यायालयाने अट घातली होती : गुगल मॅप्सवर पिन टाकायची, म्हणजे तपास अधिकाऱ्याला ठावठिकाणा कळेल. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी ती अट काढून टाकली. जामिनावरच्या माणसाच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवू देणारी अट त्याच्या खासगीपणाच्या हक्कावर घाला घालते, असं त्यांनी ठरवलं.

म्हणजे जे पोलिसांना आरोपीकडून मागता येत नाही, ते बॉयफ्रेंड बिनदिक्कत मागतो.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं. त्यांत आपल्या नागपूरचे शरद बोबडेही होते. कुणी म्हणेल, हा हक्क सरकारविरुद्ध आहे, बॉयफ्रेंड थोडाच सरकार आहे? बरोबर. मग त्याने सरकारसारखं वागूही नये.

"पण सुरक्षितता?" रात्री अकराला स्टेशनवरून एकटी ऑटोने येताना मीही लोकेशन टाकते. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास अशी मुदत असते. मी तासाभराची लावते. घरी पोचले की काम झालं. काळजीला अशी मुदत असते. गुगल मॅप्सवर मात्र 'बंद करेपर्यंत' असाही पर्याय आहे, आणि नात्यात नेमका तोच मागितला जातो.

"आम्ही दोघंही शेअर करतो, मग बरोबरीच की!" त्याचा ठिपका रात्री बारापर्यंत सीताबर्डीत दिसला तर मित्रांसोबत असेल. तिचा दिसला तर उलटतपासणी. ठिपके सारखे असले तरी प्रश्न एकीलाच.

"लपवायचं नसेल तर भीती कशाची?" बाथरूमची कडी लावणारा काय गुन्हा करत असतो?

माझी कसोटी सोपी आहे. लोकेशन विनाकारण बंद करता येतं का? समोरचा "बरं" म्हणून विसरला तर ती संमती होती. रुसवा, संशय, स्क्रीनशॉटची मागणी सुरू झाली तर ती कधीच संमती नव्हती. आणि बंद करण्याचीच भीती वाटत असेल, तर उत्तर आधीच मिळालंय. तिथे एकटीने प्रयोग करू नका. आधी एखाद्या मैत्रिणीला सांगा किंवा १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा, तोही जमलं तर दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवरून.