सोडणापासून सांध्यापर्यंत

लाकडी नौका गळू लागली की आपण आधी फळी तपासतो, मग राळ. शिवलेल्या नौकेच्या बाबतीत मात्र पहिला हात दोराला लागला पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे.

अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून गोव्यात बांधलेली ‘कौंडिण्य’ २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झाली. बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली केरळच्या कारागिरांनी तिच्या फळ्या काथ्याच्या दोराने शिवल्या. त्या शिवणीचे योग्य कौतुक झाले. पण असा दोर खाडीकाठी कितीतरी महिने आधी घडत असतो, त्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

उत्तम काथ्या नारळाच्या हिरव्या सोडणांचा. ती मचूळ पाण्यात सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ दडपून ठेवतात. तंतूंना धरून ठेवणारे द्रव्य जिवाणू कुजवतात. पण लिग्निन हे सहज न कुजणारे द्रव्य भरपूर असल्याने तंतू टिकतो. मग सोडण दांडक्याने कुटायचे, धुवायचे, सावलीत वाळवायचे. मूठभर काथ्या बोटांत चोळून पाहा. तळहातावर भुसा उरला तर काम अर्धेच झाले आहे.

तेराव्या शतकात होर्मुझच्या शिवलेल्या जहाजांना मार्को पोलोने भरपूर नावे ठेवली. पण घोड्याच्या आयाळीसारखा होईपर्यंत भिजवलेला तो काथ्या खाऱ्या पाण्यात टिकतो, हे त्यानेही मान्य केले.

हाच काथ्या सांध्यावरही लागतो. त्याची वळकटी सांध्यावर ठेवून दोर तिच्यावरून आवळतात, शिवणीची भोकेही त्यानेच बुजवतात, मग राळ आणि तेल. अर्धवट भिजलेला काथ्या ताठ राहतो. वळकटी नीट दबत नाही आणि पाण्याला वाट मिळते. पिकल्या सोडणाचा जाडाभरडा काथ्या पायपुसण्यांना चांगला. सांध्याला तो नको.

बांधणीच्या करारात आपण लाकडाची जात आणि जाडी लिहितो, दोरापुढे नुसते वजन. यापुढे सोडण कुठले, किती महिने भिजवले, दोर कुणी वळला, हेही लिहा. सोडण कुटणाऱ्या आणि दोर वळणाऱ्या बहुतेक बायका असतात. त्यांची नावे सुतारांच्या नावांशेजारी यायला हवीत, आणि मजुरीही त्या तोडीची हवी.

पुढची नौका हाती घ्याल तेव्हा लाकडाच्या वखारीत जाण्याआधी खाडीवर जाऊन या.