खर्जाला जागा लागते



‘सीडीचीच फाइल एलपीच्या तबकडीवर उतरवायची, मग वेगळं मास्टरिंग कशाला?’ असं गेल्या अंकातील पत्रलेखक विचारतात. कशाला, तर खर्ज जसाच्या तसा कोरला की खाच शेजारच्या खाचेत घुसते. म्हणून कोरताना तो कमी करतात; ऐकताना फोनो अ‍ॅम्प्लिफायर भरून काढतो. फेरे मिनिटाला ३३⅓ ठरलेले, पण सुई मध्याकडे सरकते तशी फेऱ्याची लांबी घटते आणि गायिकेचा ‘स’ फिसकारतो. भडक गाणं बाजूच्या शेवटी नको, ते यासाठीच.

२०२४मध्ये नवी मुंबईतच समन्वी डिजिमीडियाने तबकड्यांचा कारखाना सुरू केला. तिथे जुनी नाट्यगीतं काढू पाहणाऱ्यांनी मास्टरिंगचा खर्च आधी धरावा. पत्रलेखकाचा सल्ला ऐकू नये.

— एक वाचक, नेरुळ