मशीन लर्निंग थांबेल, आधी प्रोग्रॅम नीट बांधा

क्लासला नवीन मुलगा आला की पाच मिनिटांत विचारतो, "सर, मशीन लर्निंग कधी सुरू?" मी म्हणतो, थांब बाबा. आधी हा किस्सा ऐक.

गेल्या हंगामात आमच्या एका विद्यार्थ्याने कुडाळजवळच्या एका काजू कारखान्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. काजू बी मार्च ते मे या काळात येते आणि कारखाना पुढे वर्षभर त्याच साठ्यावर चालतो. कोणत्या आठवड्यात किती बी येते हे कळलं, तर खरेदीसाठी पैसा कधी उभा करायचा ते ठरतं. मालकाने आवक नोंदीची फाइल दिली, पोराने पायथनमध्ये सुंदर ग्राफ काढला. मी पण पाहिला आणि "छान" म्हणालो. मालकाने पाहिला आणि हसला, "ऑक्टोबरात काजू बी? खंय पिकता रे ती?"

झालं असं, की आपण ३ एप्रिल ०३/०४ असं लिहितो. पांडास लायब्ररीला वेगळं सांगितलं नाही, तर ती आधी महिना धरते. म्हणजे १०/०४ चा झाला ४ ऑक्टोबर. १३/०४ मात्र बरोबर वाचली, कारण तेरावा महिनाच नसतो! त्याच्या लॅपटॉपवर जुनी आवृत्ती होती, ती अशी सरमिसळ चालवून घ्यायची. २०२३ मध्ये आलेली २.० आवृत्ती अशा फाइलवर सहसा एरर देऊन थांबते.

आता विचार करा. ऑक्टोबर दिसला म्हणून चूक पकडली गेली. ०३/०४ ची आवक ४ मार्चला पडली होती, ०५/०४ ची ४ मेला. ती चूक कोणाच्याच डोळ्यांना दिसली नसती. लाखोंची खरेदी त्या ग्राफवर ठरली असती.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. डेटा सायन्समध्ये पुढे जायचं तर मॉडेलच्या आधी सॉफ्टवेअर बांधायला शिका. म्हणजे काय काय?

तारीख वाचायचं काम एका वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा आणि फॉरमॅट स्वतः लिहून द्या. त्याला टेस्ट लावा: आवक हंगामाबाहेर दिसली तर प्रोग्रॅमने थांबून विचारलं पाहिजे. कोणती लायब्ररी, कोणती आवृत्ती, हे फाइलमध्ये नोंदवा. प्रत्येक बदल गिटमध्ये ठेवा, म्हणजे "काल चालत होतं" म्हणत बसावं लागणार नाही. आणि ज्युपिटर नोटबुक प्रयोगाला ठेवा, रोजच्या वापराला साधी पायथन फाइल.

तुम्ही म्हणाल, मुलाखतीत तर मॉडेलच विचारतात. विचारतात की. पण मॉडेलचं नाव सगळ्यांनाच सांगता येतं. "चुकीचा डेटा आला तर तुझा प्रोग्रॅम काय करतो?" याचं उत्तर ज्याच्याकडे आहे, तो वेगळा उठून दिसतो.

पालकांनाही एक सांगतो. लाखभर रुपये भरून पोराला पुण्याला पाठवण्याआधी सहा महिने घरीच पाया घालू द्या. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठी आवाजातले कितीतरी धडे फुकट आहेत. एनपीटीईएलवर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद यांचा पायथन आणि डेटा स्ट्रक्चर्सचा कोर्स आहे. शिकणं फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच फी. एवढं करूनही पोराची आवड टिकली, तर मग मोठ्या कोर्सचा विचार करा.

आणि पोरांनो, सरावाला परदेशातला डेटा कशाला शोधता? शेजारच्या दुकानाची, बागायतदाराची, कारखान्याची वही मागा. तिथे पोती आणि किलो एकाच रकान्यात सापडतील, एकाच गिऱ्हाईकाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडेल. तो घोळ निस्तरता आला की समजा, तुम्ही कामाचे झालात.

हो, आणि ग्राफ झाला की आधी मालकाला दाखवा. काजू कधी पिकते हे त्याला ठाऊक असतं, लॅपटॉपला नाही.