खर्जाचा सोबती

वाचकहो, मैफलीत तंबोऱ्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. परंतु तो थांबला की गवयाचे गाणे कसे पोरके होते, हे आपण अनुभविले असेल. पाश्चात्त्य रॉक संगीतात बास गिटारची गत काहीशी अशीच आहे. तिला बहुधा चारच जाड तारा असतात. साध्या गिटारच्या खालच्या चार तारांहून त्या एक सप्तक खाली लावतात. ड्रमचा ठेका आणि गायकाचे स्वर यांना एकत्र बांधून ठेवणे, हे तिचे काम. 'क्वीन' या इंग्लिश बँडचा बास गिटारवादक जॉन डीकन याची आज ओळख करून घेऊ.

जॉनचा जन्म १९ ऑगस्ट १९५१ रोजी इंग्लंडमधील लेस्टर येथे झाला. बालपणीच त्याचे पितृछत्र हरपले. मुलगा अबोल होता. विजेच्या उपकरणांचा मात्र त्यास भारी नाद. शाळकरी वयात मित्रांसमवेत वाजविता वाजविता तो बास गिटारकडे वळला. पुढे तो लंडनच्या चेल्सी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकू लागला आणि १९७१ मध्ये 'क्वीन'मध्ये दाखल झाला. तरीही पदवी त्याने पुरी केली, तीही प्रथम श्रेणीत. कचऱ्यात सापडलेल्या एका सर्किटपासून त्याने बॅटरीवर चालणारा लहानसा ध्वनिवर्धक बनविला. सहकारी ब्रायन मे याने त्याच्याच साहाय्याने आपल्या गिटारचे कित्येक आगळे नाद ध्वनिमुद्रित केले.

बँडचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी. या पारशी कुटुंबातील मुलाचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीस झाले होते. तो रंगमंच गाजवी, तर जॉन ड्रमच्या जवळ उभा राहून शांतपणे साथ करी. जॉन स्वतः गाणी म्हणत नसे, पण लिहीत असे. पत्नीसाठी रचलेले 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' लोकांस आवडले. आणि १९८० मध्ये 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हे त्याचे गीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्या गीताचा प्राण म्हणजे बास गिटारचीच सुरावट!

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडीचे निधन झाले. त्यानंतर जॉन मोजक्याच प्रसंगी रंगमंचावर आला. जानेवारी १९९७ मध्ये पॅरिस येथे त्याने 'क्वीन'बरोबर रंगमंचावर अखेरचे वाजविले आणि पुढे तो निवृत्त झाला. २००१ मध्ये अमेरिकेत बँडचा गौरव झाला, त्या सोहळ्यासही तो गेला नाही. सोबत्यांनी नवे गायक घेऊन दौरे केले. जॉनने मात्र घर आणि मौन पत्करले.

कीर्ती दाराशी उभी असता तिला नम्रपणे नकार देणे किती जणांस साधते? ज्या कंठासाठी खर्ज धरावयाचा, तोच निमाल्यावर या सोबत्याने वाद्य खाली ठेविले. वाचकहो, यापुढे एखादे गीत ऐकाल तेव्हा क्षणभर त्याच्या तळाशी कान द्या. आपल्या घरातही असा खर्ज धरणारे कोणी असेल. त्यांचीही आठवण आपणांस होईल.