दुसऱ्याच्या पेढीवरचे पहिले धडे

व्यापारी घरांतील वडीलधाऱ्यांना एक जुनी रीत आठवत असेल. मुलगा वयात आला की अनेक घरांत त्याला थेट स्वतःच्या गादीवर बसवीत नसत. आधी मामांच्या किंवा परगावच्या एखाद्या स्नेह्याच्या पेढीवर वर्ष-दोन वर्षे ठेवीत. तेथे तो दुकान उघडण्यापासून सुरुवात करी, माल मोजून घेई, उधारीच्या वसुलीला जाई आणि रात्री रोकड जुळेपर्यंत मुनीमजींच्या शेजारी बसून राही. घरच्या दुकानात तो शेठजींचा मुलगा असे. परक्या पेढीवर तो काम शिकणारा एक पोरगा असे. चूक झाली तर तेथे आई मध्ये पडत नसे. म्हणूनच ते शिक्षण पक्के होई.

महाविद्यालये आज ज्याला इंटर्नशिप म्हणतात, ती मुळात हीच रीत होय. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नंतर तिला अभ्यासक्रमातही स्थान मिळाले असून महाराष्ट्रातील विद्यापीठांत इंटर्नशिप किंवा 'ऑन जॉब ट्रेनिंग' यांस श्रेयांक दिले जातात. जी गोष्ट काल हौसेची होती, ती आज अनेक विद्यार्थ्यांसाठी निकालपत्राचा भाग झाली आहे.

कोऱ्या प्रमाणपत्राचा मोह

आणि येथेच व्यापारी कुटुंबांपुढे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. मे महिना लग्नसराईचा. दुकानात हात हवे असतात. मुलगा किंवा मुलगी त्याच दिवसांत दुसऱ्याच्या कचेरीत, बहुधा अल्प मानधनावर किंवा विनामानधन, काम करायला निघते. 'आपलेच दुकान असताना परक्याकडे कशाला?' हा वडिलांचा प्रश्न अगदीच गैर नसतो. मग एक सोपी वाट सुचविली जाते. ओळखीच्या फर्मच्या लेटरहेडवर दोन महिन्यांचे प्रमाणपत्र घ्यावे, महाविद्यालयात द्यावे आणि विषय संपवावा. देणाऱ्याला संकोच वाटतो म्हणून तोही नाही म्हणत नाही.

या सौद्यात फसतो तो विद्यार्थी. वर्षभरानंतर मुलाखतीत कोणी विचारतो, 'या दोन महिन्यांत तुम्ही नेमके काय केले?' आणि कागदावरचे प्रमाणपत्र तोंडातून उत्तर देत नाही. त्याहूनही मोठी हानी घरातच होते. ज्या बापजाद्यांनी शब्दावर लाखोंची उधारी दिली-घेतली, त्यांच्या घरातील मुलाची पहिली व्यावसायिक सही एका खोट्या कागदाखाली पडते. वहीत खोटी नोंद नको हे ज्या घरात लहानपणापासून शिकविले जाते, तेथे ही नोंदही वहीतलीच मानली पाहिजे. दुकानात खरोखर काम केले असेल आणि महाविद्यालय कौटुंबिक व्यवसायातील काम मान्य करीत असेल, तर ते तसेच, खरे तास लिहून, सादर करावे. त्यात कमीपणा नाही.

परक्याकडून शिकण्याने घरचा धंदा कमी होत नाही, हे समाजाने पाहिलेले आहे. सोलापूरच्या व्यापारी जैन कुटुंबात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी कापूस आणि सावकारीच्या घरच्या वाटेबाहेर पाऊल टाकले, ते रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेऊन. ज्याला काम ठाऊक आहे त्याच्या शेजारी उभे राहण्यात त्यांना संकोच वाटला नाही. पुढे १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी, कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 'कमवा व शिका' या तिच्या योजनेने हाताचे काम आणि पुस्तकाचे शिक्षण एकाच दिवसात बसविले.

तयारी केव्हा करावी

उन्हाळी सुट्टीतील इंटर्नशिपचा शोध एप्रिलमध्ये सुरू करणे म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या सकाळी दिवाळीचा माल मागविण्यासारखे आहे. दिवाळीची गर्दी ओसरली की परिचयपत्र तयार करावे, डिसेंबर-जानेवारीत अर्ज धाडावेत आणि मार्चअखेर ठिकाण पक्के व्हावे. काही संस्थांच्या तारखा ठरलेल्या असतात. रिझर्व्ह बँकेच्या उन्हाळी प्रशिक्षणासाठी पदव्युत्तर, पाच वर्षांच्या एकात्मिक तसेच विधी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांकडून १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर या काळात अर्ज घेण्याची पद्धत आहे. नीती आयोगाचे अर्ज दर महिन्याच्या १ ते १० तारखेदरम्यान स्वीकारले जातात. तेथे मानधन नाही आणि पदवीच्या विद्यार्थ्याला दुसरे वर्ष पार केल्याची व बारावीत ८५ टक्के गुणांची अट असते. अटी बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळ पुन्हा वाचावे.

कोठे शोधावे

पहिले दार महाविद्यालयाचेच. तेथील प्लेसमेंट कक्षाकडे गेल्या दोन-तीन वर्षांत कोणकोणत्या संस्थांनी विद्यार्थी घेतले याची यादी असते आणि ती मागणारे विद्यार्थी थोडेच असतात. माजी विद्यार्थी हे दुसरे दार. तिसरे दार गावातच असते: सनदी लेखापालांची कार्यालये, करसल्लागार, सहकारी बँका, औद्योगिक वसाहतीतील कारखाने, मालवाहतूक आणि निर्यातीची कामे पाहणाऱ्या कचेऱ्या. लहान कार्यालयात जाहिरात नसते, पण काम असते. आणि मोठ्या कंपनीत नवख्याच्या वाट्याला एखादा तुकडा येतो, तेथे लहान कार्यालयात संपूर्ण व्यवहार डोळ्यांसमोरून जातो.

चौथे दार संगणकाचे. इंटर्नशाला आणि लिंक्डइन ही नावे विद्यार्थ्यांना परिचित आहेतच. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे स्वतंत्र इंटर्नशिप संकेतस्थळ असून २०२० मध्ये सुरू झालेल्या 'ट्यूलिप' योजनेतून महानगरपालिका व नगरपालिकांतील संधीही त्यावर येतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेची चर्चा घरोघरी होते. परंतु तिच्या प्रायोगिक टप्प्यातील अटी नीट समजून घेतल्या पाहिजेत. वय २१ ते २४, पूर्णवेळ शिक्षण किंवा नोकरी चालू नसावी, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपेक्षा अधिक नसावे, अशी तिची रचना होती. बारा महिन्यांसाठी दरमहा ५,००० रुपये आणि एकदाच ६,००० रुपये असे साहाय्य तीत ठरविलेले होते. म्हणजे त्या टप्प्यात रोज महाविद्यालयात जाणाऱ्यासाठी नव्हे, तर शिक्षण आटोपून कामाच्या शोधात असलेल्यासाठी ती योजना होती.

सनदी लेखापालाच्या वाटेवर असलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांची आर्टिकलशिप अभ्यासक्रमाचाच अनिवार्य भाग असून जुलै २०२३ पासूनच्या नव्या रचनेत ती दोन वर्षांची झाली आहे. ज्याला ही वाट आपली आहे का, हे अजून ठरविता आलेले नाही, त्याने एका उन्हाळ्यात अशा कार्यालयात दीड-दोन महिने बसून पाहावे. दोन महिन्यांत कळलेला नकार दोन वर्षांनंतरच्या पश्चात्तापापेक्षा स्वस्त पडतो.

दुकान हेच भांडवल

व्यापारी घरातील मुले परिचयपत्रात 'अनुभव' या शीर्षकाखाली बहुधा 'नाही' असे लिहितात. ही खोटी नम्रता आहे. जो मुलगा आठव्या इयत्तेपासून दुकानात बसतो, त्याच्याजवळ पुष्कळ सांगण्यासारखे असते. फक्त ते 'वडिलांना मदत केली' या तीन शब्दांत हरवते. तेच पुढीलप्रमाणे लिहिले तर वाचणारा थांबतो: 'कापडाच्या किरकोळ दुकानात दोन दिवाळी हंगामांत मालसाठ्याची नोंद टॅलीमध्ये केली, खरेदीची बिले जीएसटीच्या टू-बी विवरणाशी ताडून पाहिली, थकीत उधारीची मुदतवार यादी तयार करून ग्राहकांशी दूरध्वनीवरून पाठपुरावा केला.' यात फुगवलेले काही नाही. काय केले, कोठे केले, किती काळ केले, एवढेच आहे. जे केले नाही ते मात्र लिहू नये. टॅली येत नसेल तर ती महिनाभरात शिकता येते, पण पकडलेले असत्य पुसता येत नाही.

परिचयपत्र एका पानाचे असावे. छायाचित्र, वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, उंची यांची त्यात गरज नाही. तो विवाहाचा बायोडेटा नव्हे. सोबतचे पत्र त्याहून लहान आणि प्रत्येक संस्थेसाठी वेगळे असावे. चाळीस ठिकाणी एकच मजकूर धाडणाऱ्याला चाळीस ठिकाणचे मौन मिळते. पत्र इंग्रजीत असले तरी त्याचा आशय साधा असावा: 'मी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. आपल्या कार्यालयात निर्यातीची कागदपत्रे हाताळली जातात, हे आमच्या प्राध्यापकांकडून समजले. आमच्या घरी मसाल्याचा घाऊक व्यापार असल्याने खरेदी-विक्री परिचित आहे; निर्यातीची बाजू शिकण्याची इच्छा आहे. ४ मे ते २७ जून या काळात मी पूर्णवेळ येऊ शकतो.' आठ-दहा दिवसांत उत्तर न आल्यास एकदा नम्र स्मरण द्यावे. दुसऱ्यांदाही मौन असेल तर पुढच्या दाराकडे वळावे. नकार हा ग्राहक परत जाण्यासारखा आहे. त्यामुळे कोणी दुकान बंद करीत नाही.

होकार देण्यापूर्वी

काम कोणते, किती दिवस, कोणाच्या देखरेखीखाली, मानधन किती, प्रमाणपत्र मिळणार का, या पाच गोष्टी लेखी घ्याव्यात. 'नोंदणी शुल्क', 'अनामत' किंवा 'प्रशिक्षण साहित्याची किंमत' मागणाऱ्याकडे जाऊ नये. शिकण्यासाठी वर्गाची फी भरणे वेगळे आणि काम करण्यासाठी पैसे मोजणे वेगळे. आधार, पॅन आणि बँक खात्याचे तपशील संस्था प्रत्यक्ष पडताळल्याखेरीज देऊ नयेत. ऑनलाइन फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

मुलीला परगावी पाठविताना घरात चिंता असणे स्वाभाविक आहे, पण चिंतेचे उत्तर नकार नव्हे, चौकशी हे आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही संरक्षण देतो आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. ती आहे का, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. राहण्याची सोय, कामाचे तास आणि सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्यांसाठी डब्याची व्यवस्था यांचा विचार आधीच व्हावा. नियमाची गोष्ट पहिल्याच दिवशी सरळ सांगितली, तर बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही.

आणखी एक गोष्ट व्यापारी घरांनीच लक्षात घ्यावी. मुलगा जेथे शिकायला जाणार ती फर्म आपल्याच व्यवसायातील असेल, तर ते अर्जात उघड सांगावे. तेथील दर, ग्राहकांची नावे, पुरवठादारांच्या अटी या गोष्टी घरच्या जेवणाच्या ताटावर येता कामा नयेत आणि वडिलांनीही त्या विचारू नयेत. 'त्यांचा भाव काय पडतो रे?' हा सहज विचारलेला प्रश्न मुलाला दोन निष्ठांमध्ये उभा करतो. जो बाप तो प्रश्न गिळतो, तो मुलाला व्यापारातील सर्वांत मोठा धडा न बोलता देतो.

दोन महिन्यांची शिदोरी

काम सुरू झाल्यावर रोज रात्री दहा ओळींची नोंद ठेवावी: आज काय केले, काय समजले नाही, उद्या कोणाला विचारायचे. अहवाल लिहिताना आणि पुढे मुलाखतीत हीच वही कामी येते. पहिल्या आठवड्यात झेरॉक्स काढण्याचे काम मिळाले तर रुसू नये. कागद वाचत झेरॉक्स काढणारा आणि न वाचता काढणारा यांत महिनाभराने फरक दिसतो. दुसऱ्या आठवड्यानंतरही तेवढेच काम असेल, तर देखरेख करणाऱ्याकडे अधिक काम नम्रपणे मागावे. निघताना आभाराचे पत्र द्यावे.

ज्यांच्या पेढीवर अशी मुले शिकायला येतात, त्यांचेही कर्तव्य आहे. आलेल्या मुलाला चहा आणण्यापुरता न ठेवता मालाच्या आवकीपासून बिलाच्या वसुलीपर्यंतचा एक व्यवहार आरंभापासून शेवटपर्यंत दाखवावा. त्याला प्रश्न विचारू द्यावेत. प्रमाणपत्रावर जेवढे तास तो आला तेवढेच लिहावेत. ना एक कमी, ना एक अधिक.

जूनअखेर मुलगी घरी परतते. दुकानात बसते आणि दोन दिवसांनी वडिलांना विचारते, 'पप्पा, ज्या मालाला सहा महिन्यांत हात लागला नाही, त्याची वेगळी यादी आपण का करीत नाही?' वडील क्षणभर गप्प राहतात. प्रश्न साधा असतो, पण तो घरात आजवर कोणी विचारलेला नसतो. दोन महिने दुकानात दोन हात कमी होते. त्या बदल्यात एक नवी नजर घरी आली. हिशेब मांडला, तर हा सौदा तोट्याचा ठरत नाही.